मोडीत दिलेले पातेले

एका पेठेच्या गावात एकदा एका वृद्ध करसल्लागाराने ऐन घाईच्या आठवड्यात आपल्याच घरातले दुधाचे पातेले मोडीत काढले. का काढले, हे त्या वेळी कोणालाच कळले नाही. त्यांच्या शिष्येला तर मुळीच नाही.

सारे गाव त्यांना नाना म्हणत असे. वय अठ्ठ्याहत्तर. घराची पुढची खोली हीच त्यांची कचेरी. भिंतीवर त्यांच्या नोंदणीचे प्रमाणपत्र होते आणि त्यावरचा क्रमांक ते आपल्या प्रत्येक सहीखाली स्वच्छ अक्षरात लिहीत. शिष्येचे नाव कुमुद. अकरा वर्षे तीन दुकानांच्या वह्या लिहून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती करकायदा शिकायला नानांकडे आली होती. तिची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मध्यंतरीच्या त्या रिकाम्या दिवसांत एक प्रश्न तिला पुन्हा पुन्हा पडत असे, आणि एका सकाळी तिने तो विचारलाच.

"नाना, दुकानांत होते तेव्हा मी खरेदी लिहायचे, विक्री लिहायचे, महिन्याचं विवरणपत्रही भरून द्यायचे. इथेही तेच करते. मग त्या भिंतीवरच्या क्रमांकानं वेगळं काय होतं? फी सोडून?"

"फी सोडून कशी? लोकांना आधी तीच दिसते," नाना हसून म्हणाले आणि हातातल्या कागदात पुन्हा बुडाले.

उत्तर तेवढ्यावरच राहिले, कारण त्याच वेळी दारात मुकुंदशेठ उभे राहिले. मुकुंदशेठांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान गावात तीन पिढ्यांचे. त्यांच्या हातात एक नोटीस होती. चार पावले मागे, छातीशी वह्यांचे कापडी गाठोडे धरून, त्यांचे हिशेबनीस अच्युतराव उभे होते. ते त्रेसष्ट वर्षांचे, सडसडीत, खिशाला दोन पेने लावणारे गृहस्थ. पेठेतल्या चार दुकानांच्या वह्या ते लिहीत; मुकुंदशेठांच्या सव्वीस वर्षांपासून. वाण्याच्या पोरांना बेरीज तपासून घ्यायची असली की ती अच्युतरावांकडे धावत.

"नाना, वाचा हे," मुकुंदशेठ बसायच्या आधीच म्हणाले. "आमच्या घराण्यात कोणी चोर निघाला नव्हता. आता सरकारनं मला ठरवलंय."

नानांनी नोटीस एकदा वाचली, मग कुमुदकडे दिली. कर कार्यालयाने एक साधा प्रश्न विचारला होता. गेल्या वर्षी या दुकानाने एक हजार आठशे चाळीस किलो मोड, म्हणजे जुनी तुटकी भांडी, भट्टीवाल्याला विकली. ती विक्री वहीत आहे, तिच्यावरचा करही भरलेला आहे. परंतु दुकानाच्या खरेदीत मोड एक किलोसुद्धा नाही. मग हे पितळ आले कोठून? माल लपवून खरेदी केला असल्यास दंड का लावू नये, याचा खुलासा शुक्रवारी समक्ष करावा.

त्या दिवशी सोमवार होता.

"दंडाचा आकडा पाहिलात?" मुकुंदशेठांनी विचारले. "दुकान विकावं लागेल. आणि हे सगळं कुणामुळे? या आमच्या दिवाणजींमुळे. विवरणपत्र तेच भरायचे."

"तुमची सही, तुमचा ओटीपी," कुमुद हळूच म्हणाली.

"तो मोबाइलवर यायचा, मी गल्ल्यावरून ओरडून सांगायचो, ते टाकायचे. त्यात मी काय वाचणार? नाना, तुम्ही असं लिहा, की हिशेबनिसानं मला अंधारात ठेवलं. त्याची लबाडी, मला काही ठाऊक नव्हतं. सही मी आत्ता करतो."

अच्युतरावांनी मान खाली घातली. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की, असे पत्र एकदा सरकारी फायलीत गेले, की पेठेतल्या एकाही दुकानाची वही या माणसाच्या हाती राहणार नाही. सव्वीस वर्षांचा चोखपणा एका ओळीत पुसला जाईल.

"दिवाणजी, बसा," नाना म्हणाले. "गाठोडं सोडा."

दोन तास नाना वह्या पाहत होते. कुमुद शेजारी बसून बेरजा पडताळत होती. रोजमेळ गल्ल्याशी जुळत होता, गल्ला बँकेशी जुळत होता. एका ठिकाणी तीन रुपयांचा फरक निघाला, तर दुसऱ्याच दिवशी लाल शाईत त्याचे कारण लिहिलेले: 'सुटे नव्हते, गिऱ्हाईक उद्या देणार', आणि त्याखाली 'दिले'.

नानांनी शेवटची वही मिटली. "यात एक पैसा खोटा नाही," ते म्हणाले.

"मग नोटीस कशी आली?" मुकुंदशेठ उसळले.

नाना उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. आतून भांड्यांचा खडखडाट ऐकू आला, पाठोपाठ नानांच्या पत्नीचा, काकूंचा आवाज. "अहो, ते कशाला? दूध कशात तापवू मी? माझ्या कपाळात?" थोड्या वेळाने नाना बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात एक काळवंडलेले, काठाला चेपलेले पितळी पातेले होते.

"चला शेठ, तुमच्या दुकानात. मला हे मोडीत देऊन नवं घ्यायचंय."

"आत्ता?" मुकुंदशेठ म्हणाले.

"गिऱ्हाईक परत पाठवता की काय?"

कुमुदला काही उमजेना. खुलाशाला चार दिवस उरलेले, उत्तराचा पहिला शब्द लिहिलेला नाही, समोर एका माणसाचे दुकान आणि दुसऱ्याची अब्रू पणाला लागलेली, आणि नाना भर उन्हात पातेले बगलेत मारून पेठेतून निघालेले. लोक हाका मारून विचारत होते, "काय नाना, वाटण्या झाल्या का?" नाना हात हलवून पुढे जात होते. नानांचे वय झाले असावे, असा विचार त्या वाटेवर प्रथमच तिच्या मनात येऊन गेला आणि तिला त्याची लाज वाटली.

दुकानात नानांनी पातेले काट्यावर ठेवले. तीन किलो दोनशे ग्रॅम भरले. मोडीचा भाव किलोला चारशे. बाराशे ऐंशी रुपये झाले. मग त्यांनी एक नवे पातेले निवडले. ते निवडायला त्यांनी चांगला अर्धा तास घेतला. वाजवून पाहिले, कल्हई निरखली, तळ बोटांनी चाचपला. अडीच किलो, नऊशेच्या भावाने साडेबावीसशे. नानांनी खिशातून नऊशे सत्तर रुपये मोजून दिले. मुकुंदशेठांनी ते गल्ल्यात टाकले.

"आता लिहा, दिवाणजी. रोज लिहिता तसंच," नाना म्हणाले.

अच्युतरावांनी पेन काढले आणि लिहिले: 'पातेले विक्री, रोख, ९७०.'

नानांनी नवे पातेले उचलून मुकुंदशेठांसमोर धरले. "शेठ, हे कितीचं?"

"साडेबावीसशेचं. घासाघीस करू नका आता, पैसे देऊन झालेत."

"दिवाणजी, वही काय म्हणते? केवढ्याची विक्री झाली?"

अच्युतरावांनी वहीकडे पाहिले. मग पातेल्याकडे. मग पुन्हा वहीकडे. "नऊशे सत्तर," ते सावकाश म्हणाले.

बाहेरून एक टेंपो गेला, फळीवरच्या वाट्या किणकिणल्या. कुमुदच्या मनात काहीतरी लख्ख झाले. "सगळीच मोडीची गिऱ्हाइकं अशी लिहिलीत?" तिने विचारले.

"सगळीच," अच्युतराव म्हणाले. "माझ्या आधीचे दिवाणजीही अशीच लिहायचे. गल्ल्यात आले ते लिहायचं. जे आलंच नाही ते कसं लिहू, ताई? संध्याकाळी रोकड जुळायची कशी?"

"अगदी बरोबर," नाना म्हणाले आणि स्टुलावर बसले. थोडा दम घेऊन ते बोलू लागले.

"अच्युतरावांची वही एकाच प्रश्नाचं उत्तर देते. गल्ल्यात काय आलं? त्याचं उत्तर तिनं सव्वीस वर्षं खरं दिलं. पण कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. दुकानातून काय गेलं, आणि त्याच्या बदल्यात जे जे मिळालं, त्याची एकूण किंमत किती? त्याच्या नजरेत माझं जुनं पातेलं हासुद्धा मोबदलाच. मी साडेबावीसशेचं भांडं घेतलं. थोडं नोटांत दिलं, उरलेलं पितळात. कर पूर्ण किमतीवर. पितळाचा भाग वहीत नाही, म्हणून विक्री कमी दिसते, आणि मोड आभाळातून पडल्यासारखी दिसते. चोरी कोणीच केली नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्या वहीतून दिलं गेलं, इतकंच."

"म्हणजे चूक दिवाणजींचीच ना?" मुकुंदशेठांनी विचारले, परंतु आवाजात मघाची धार नव्हती.

"दिवाणजी, विवरणपत्र भरायला तुम्ही कधीपासून लागलात?"

"हा नवा कर आला तेव्हापासून. शेठ म्हणाले, वही तुम्हीच लिहिता, मग फॉर्मही तुम्हीच भरा. आकडे तर तेच. बाहेरचा माणूस फी घेईल."

"मी म्हणालो होतो," मुकुंदशेठ पुटपुटले. "वर्षाचे दोन हंडे जातात फीमध्ये, असं म्हणालो होतो."

"आता माझ्या भिंतीवरचा क्रमांक," नाना म्हणाले. बोलत होते मुकुंदशेठांशी, पण पाहत होते कुमुदकडे. "तो काही शहाणपणाचा दाखला नाही. बेरजेत अच्युतराव मला रोज हरवतील. त्या क्रमांकाचा अर्थ एवढाच, की 'यावर इतका कर लागतो' असं मी सांगितलं, तर ते कोणी सांगितलं हे कायमचं लिहिलेलं राहतं. मी बेफिकिरीनं सांगितलं असेल तर मला बोलावून जाब विचारता येतो, माझी नोंदणी काढून घेता येते. म्हणून सही करण्याआधी मला दुकानात येऊन पाहावं लागतं, की इथे माणसं भांडं घेतात कशी. वहीत नाही तेही विचारावं लागतं. अच्युतरावांना ते कोणी विचारायला सांगितलं नव्हतं, आणि त्यांचं नाव त्या विवरणपत्रावर कुठेही नव्हतं. चोख वही लिहिणाऱ्याच्या हातात आपण न पाहिलेला कायदा देऊन टाकला, आणि वर त्यालाच विचारतोय की चुकला कसा."

अच्युतराव एकदम उठून आतल्या खोलीत गेले. मुकुंदशेठांना वाटले, त्यांना वाईट वाटले असावे. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात सहा लांबट, अरुंद वह्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या.

"याचा काही उपयोग होईल का, नाना? मोडीची वजनं आहेत. कोणी मागितली नव्हती. पण वजन केलं आणि लिहिलं नाही, असं मला जमत नाही."

कुमुदने पहिली वही उघडली. तारीख, माणसाचे नाव, गाव, भांडे, वजन, भाव, रक्कम. प्रत्येक हंडा, प्रत्येक तांब्या. काही नावांपुढे बारीक अक्षरात शेरे: 'लेकीच्या लग्नासाठी', 'कान तुटका', 'तोटी वेगळी आणली'. तिने त्या रात्रीपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेल्या वर्षाची बेरीज केली. अच्युतराव शेजारी बसून आकडे वाचत होते. बेरीज आली एक हजार आठशे बावन्न किलो.

भट्टीला गेली होती एक हजार आठशे चाळीस. बारा किलो जास्त.

"बारा किलो गेले कुठे?" कुमुदने विचारले. आता तिला खरोखरीच उत्सुकता लागली होती. दंडाची भीती क्षणभर मागे पडली होती. तिने पोती पाहिली, काट्याखालचे फळकूट उचलून पाहिले. अच्युतराव वहीत एक एक ओळ बोटाने खाली सरकत होते. एका ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"समई," ते म्हणाले. "बारा किलो. एक म्हातारी बाई घेऊन आल्या होत्या. ती भट्टीला गेलीच नाही."

सगळ्यांनी मुकुंदशेठांकडे पाहिले. ते जरा ओशाळले, मग त्यांनी वरच्या फळीकडे बोट केले. नव्या भांड्यांच्या मागे, धुळीत, माणसाच्या कमरेएवढी एक जुनी समई उभी होती. "वितळवायला हात होईना," ते म्हणाले. "काम बघा तिच्यावरचं. असं आता कोण करतो? दिवाणजी, तुम्ही तीसुद्धा लिहून ठेवलीत?"

"वजन केलं होतं ना, शेठ."

मुकुंदशेठांनी वही आपल्याकडे ओढून ती ओळ स्वतः वाचली.

पत्र नानांनी बुधवारी लिहिले. त्यात कोणावरही आरोप नव्हता. दुकानातली मोडीची पद्धत, वजनाच्या वह्यांतले आकडे, पूर्ण किमतीवर होणारा कर, आधी भरलेला कर, आणि उरलेली रक्कम व्याजासह भरण्याची तयारी, एवढेच होते. मुकुंदशेठांनी ते पत्र या वेळी प्रथमपासून शेवटपर्यंत वाचले. दोन ठिकाणी अर्थ विचारला. मग सही केली. खाली नानांनी सही केली आणि आपला क्रमांक लिहिला.

शुक्रवारी चौघे कर कार्यालयात गेले. अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी पत्र वाचले, वजनाची वही मागितली आणि मधलीच पाने उघडून पाहू लागल्या. एका शेऱ्यापाशी त्या किंचित हसल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "नोंदी तर उत्तम आहेत. मग फक्त रोख रकमेवरच कर भरा, असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

प्रश्न मुकुंदशेठांना होता. सोमवारी तयार असलेले उत्तर अजूनही देता आले असते. खुर्चीच्या कडेवर बसलेले अच्युतराव अर्धवट उठले. बहुधा ते स्वतःच काही सांगणार होते. मुकुंदशेठांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवले.

"कोणी नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी कोणाला विचारलंच नाही. मला वाटलं, फॉर्म तर भरायचाय. यांनी जे लिहिलं ते सगळं खरं आहे. त्याला काय लागतं, ते विचारायचं काम माझं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि कागदावर काहीतरी टिपून घेतले.

महिन्याभराने आदेश आला. फरकाचा कर आणि त्यावरचे व्याज भरायचे. माल लपवल्याचा ठपका व त्याचा दंड काढून टाकला, कारण प्रत्येक किलोचा माग लागत होता. रक्कम लहान नव्हती. मुकुंदशेठांना त्या दिवाळीला दुकानाची नवी फळी करता आली नाही. परंतु दुकान राहिले आणि चारही दुकानांच्या वह्या अच्युतरावांच्याच हाती राहिल्या.

पैसे भरले त्या दिवशी अच्युतराव पावतीची प्रत द्यायला नानांकडे आले. नाना जेवून पडले होते, म्हणून ती कुमुदने घेतली. तिने त्यांना पाणी दिले आणि बरेच दिवस मनात असलेले विचारले.

"काका, तुम्ही इतके काटेकोर. सहा वर्षांपूर्वी शेठ म्हणाले, फॉर्म तुम्हीच भरा, तेव्हा 'मला त्यातलं कळत नाही' असं का नाही म्हणालात?"

अच्युतरावांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले.

"शेठांनी विश्वासानं विचारलं, ताई," ते म्हणाले. "विश्वासानं विचारलं ना, की आपल्याला येतंच असणार असं वाटायला लागतं. आणि येतं की नाही, हे तपासायचं राहून जातं."

ते गेल्यावर कुमुदला आपली जुनी दुकाने आठवली. अकरा वर्षांत तीन दुकानांनी तिलाही असेच विश्वासाने विचारले होते. तिनेही उत्तरे दिली होती. त्यातली किती बरोबर होती, हे तिला आता आठवून सांगता येईना. आणि तेव्हा तर एकाही उत्तराच्या वेळी तिची झोप उडाली नव्हती. तिने एक कोरा कागद घेतला, तिन्ही दुकानांची नावे एकाखाली एक लिहिली, आणि पहिल्या दुकानाला फोन लावला.

"काका, मी कुमुद. जुन्या वह्या घेऊन एकदा नानांकडे याल का? नाही, नोटीस नाही आली. मलाच काही विचारायचं राहून गेलं होतं."

आपल्या व्यवहारात काय घडले, हे वही लिहिणाऱ्याला विचारावे. त्याला कायदा काय म्हणतो, हे त्या उत्तराखाली ज्याला आपले नाव लिहावे लागते त्याला विचारावे.